काचेचा काच! त्रेसष्ट घेऊ की चौसष्ट?

एक पट्टी. मागच्या काचेच्या मधोमध, छतावरून शेपटाकडे उतरत जाणारी. ती असेल तर गाडी १९६३ची, नसेल तर १९६४ची. आणि या एवढ्याशा पट्टीपायी जगभरातले जुन्या गाड्यांचे शौकीन पाकिटं रिकामी करायला तयार!

गाडी कोणती? शेव्हरोले कॉर्व्हेट स्टिंग रे. अमेरिकेची लाडकी स्पोर्ट्स कार. सेकंड-हँड क्लासिक घ्यायला निघालेल्यांचा हा सदाबहार पेच: त्रेसष्ट घेऊ की चौसष्ट? चला, बसा पटकन. गाडीत सीट दोनच आहेत, त्यातली एक तुमची!

पाकट आली पाकट!

माहीत आहे का, या गाडीला अस्सल मालवणी नाव देता येईल? ‘स्टिंग रे’ म्हणजे काट्याच्या शेपटीचा चपटा मासा. कोकणात त्याला म्हणतात पाकट! गाडी एकदा नीट बघा. चपटं अंग, चाकांवर उचललेले पंख, मागे निमुळती होत गेलेली पाठ. नाव एकदम फिट्ट!

मासळीबाजार इथेच संपत नाही. शेव्हरोलेच्या मालक कंपनीचे, म्हणजे जनरल मोटर्सचे, डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांना समुद्रात मासेमारीचा भारी शौक. त्यांनी पकडलेला एक मेको शार्क, म्हणजे आपल्या मुशीच्या घराण्यातला दांडगा भाऊ, ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला होता. १९६१च्या ‘मेको शार्क’ या शो-कारला त्यांनी तोच रंग मागितला. वर गडद निळा, खाली पांढुरका.

रंगारी थकले, शेड काही जुळेना. मग काय? किस्सा असा सांगतात की पोरांनी एका रात्रीत भिंतीवरचा मासाच काढला आणि तो गाडीच्या रंगाने रंगवून परत टांगला. साहेब खूश!

आणि या शो-कारच्या पाठोपाठ रस्त्यावर आली त्रेसष्टची स्टिंग रे.

आकडा छत्तीसचा, साल त्रेसष्टचं

आता भांडणाकडे वळू. पट्टी हवी म्हणणारे होते बिल मिचेल. नको म्हणणारे होते कॉर्व्हेटचे इंजिनिअर झोरा आर्कस-डन्टॉव्ह. मिचेल म्हणत, नाकापासून शेपटापर्यंत जाणारा कणा काढला तर डिझाइनचा जीवच जाईल. डन्टॉव्ह म्हणत, ड्रायव्हरला मागचं दिसायला नको का?

दोघांमध्ये पक्का छत्तीसचा आकडा. आता गंमत बघा. ३६ उलटा केला की होतो ६३, एकमेकांकडे तोंड करून बसलेला! पण ६३ साली या दोघांची तोंडं काही एकमेकांकडे वळली नाहीत. त्या वर्षी जिंकले मिचेल. पट्टी राहिली.

मग गाडी विकली गेली, चालवली गेली, आणि मागचं नीट दिसत नाही अशी ओरड सुरू झाली. मोटार मासिकांनीही तेच लिहिलं. ६४ उजाडलं आणि पट्टी गायब! मागे एकसंध काच. या फेरीत जिंकले डन्टॉव्ह.

थोडक्यात काय, तर त्रेसष्ट म्हणजे मिचेल यांची गाडी आणि चौसष्ट म्हणजे डन्टॉव्ह यांची. पहिली डिझायनरची, दुसरी ड्रायव्हरची. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

भांग कुणाचा?

मधोमध भांग पाडलेल्या या काचेचं मूळ कुठे आहे, माहीत आहे का? फ्रान्समध्ये! १९३०च्या दशकातल्या बुगाटी टाइप ५७ अटलांटिक या कारच्या पाठीवर असाच उभा कणा होता. मिचेल त्यावर फिदा.

आणि स्टिंग रेचं पहिलंवहिलं रेखाटन कुणाचं? पीटर ब्रॉक या अगदी कोवळ्या वयाच्या पोराचं, १९५७ सालचं. जनरल मोटर्समध्ये नुकताच चिकटलेला. पुढे हाच ब्रॉक कॅरोल शेल्बीच्या टीममध्ये गेला आणि त्याने डेटोना कोब्रा कूप ही रेसिंग कार डिझाइन केली. शेल्बीच्या कोब्रा म्हणजे कॉर्व्हेटच्या कट्टर दुश्मन. एकाच पेन्सिलीने दोन्ही पैलवान घडवले!

अंतिम आकार देणारा हात होता लॅरी शिनोडा यांचा. जपानी वंशाचा हा अमेरिकन मुलगा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा तोही मॅन्झनारच्या छावणीत होता. मोठेपणी त्याच मुलाने अमेरिकेला तिची सगळ्यात देखणी कार दिली. इथे क्षणभर थांबून टोपी काढायलाच हवी.

दुर्मीळ कोण? उत्तर ऐकून उडाल!

पट्टीवाली कूप (पक्क्या छताची गाडी) महाग म्हणजे तीच दुर्मीळ असणार, बरोबर? चूक!

१९६३मध्ये बनल्या १०,५९४ कूप. १९६४मध्ये फक्त ८,३०४. म्हणजे संख्येने कमी आहे चौसष्टची कूप, पण भाव जास्त त्रेसष्टचा! बाजार डोकी मोजत नाही, चेहरा बघतो. पट्टी फक्त एकाच वर्षाच्या गाडीला लाभली. तेच एक वर्ष विकलं जातं.

आणखी एक गुगली. त्रेसष्टच्या सगळ्याच गाड्यांना पट्टी होती का? अजिबात नाही! त्या वर्षी १०,९१९ कन्व्हर्टिबलही बनल्या. कापडी छताची गाडी. मागे ना फायबरचा कणा, ना भांग. त्रेसष्टच्या एकूण २१,५१३ गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त गाड्यांना ती प्रसिद्ध काच नाहीच. म्हणून कन्व्हर्टिबल घेणार असाल, तर ‘त्रेसष्ट आहे, त्रेसष्ट आहे’ म्हणून कुणी भाव वाढवला तर हसून पुढे व्हा.

तिसरी गंमत किमतीची. सहसा छत उघडणारी गाडी महाग असते. इथे उलटं! १९६३ची कन्व्हर्टिबल मिळायची ४,०३७ डॉलरला आणि कूपला मोजावे लागत दोनशेहून जास्त डॉलर वरती. कारणही तसंच. छत घेऊनच जन्मलेली, कारखान्यातून विक्रीला आलेली ही पहिली कॉर्व्हेट कूप होती. नव्या नवलाईचे पैसे!

मॉडेलचं वर्ष आणि भिंतीवरचं कॅलेंडर

माहीत आहे का, ‘१९६३ची’ गाडी १९६२मध्ये बनलेली असू शकते? अमेरिकेत नवं मॉडेल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत बाजारात यायचं. आपल्याकडे दसऱ्याला नवी गाडी दारात येते ना, साधारण त्याच सुमारास तिकडे पुढच्या सालची मॉडेलं शोरूममध्ये झळकायची.

त्यामुळे मालक म्हणाला की ‘गाडी बासष्टला बनली, पण त्रेसष्टची आहे’, तर दचकू नका. तो खरं बोलतोय. गाडीचं गोत्र ठरतं मॉडेल इयरवरून, जन्मतारखेवरून नाही.

चौसष्ट कला

आता दुसऱ्या पार्टीची बाजू. चौसष्टची गाडी म्हणजे नुसती ‘पट्टी काढलेली त्रेसष्ट’ असं समजू नका. हिच्याकडे स्वतःच्या चौसष्ट कला आहेत!

कला पहिली, नजर. आरशात बघा, मागचा रस्ता पूर्ण दिसतो. रिव्हर्स घेताना मान मोडत नाही. काचेचा काच संपला.

कला दुसरी, साधेपणा. त्रेसष्टच्या बॉनेटवर दोन खोट्या जाळ्या होत्या. हवा आत घेत असल्याचा निव्वळ आव. चौसष्टमध्ये त्या जाळ्या गेल्या. पण गंमत बघा, त्यांच्या खाली केलेले खोलगट खळगे मात्र तसेच राहिले. दागिने उतरवले, कान टोचलेले राहिले!

कला तिसरी, श्वास. बंद छताच्या कूपमध्ये उकडायचं. चौसष्टच्या कूपमध्ये दरवाजामागच्या डाव्या खांबातली झडप खरोखर कामाला लावली. आत बसवला तीन स्पीडचा पंखा, जो केबिनमधली कोंदट हवा बाहेर फेकतो.

कला चौथी, चाल. स्प्रिंगची रचना बदलली. लहान खड्ड्यात मऊ, मोठ्या दणक्याला कडक. आवाज अडवणारं अस्तर वाढवलं. परिणाम? कमी धडधड, कमी खडखड.

कला पाचवी, डोळ्यांना आराम. त्रेसष्टच्या मीटरचे मधले भाग चकचकीत चंदेरी, उन्हात डोळ्यांवर चमकायचे. चौसष्टमध्ये ते काळे झाले. त्या चंदेरी मीटरवर जीव टाकणारेही आहेत हं! सौंदर्य की सोय, हा प्रश्न या गाडीत मीटरपर्यंत पोचतो.

दम किती? पाच फियाट एवढा!

दोन्ही वर्षांचं हृदय एकच. ३२७ क्युबिक इंचांचं व्ही-८ इंजिन. आपल्या हिशेबात जवळपास ५.४ लिटर.

आता एक अस्सल मुंबई कनेक्शन. १९६४मध्येच कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली, जी पुढे पद्मिनी झाली. तिचं इंजिन १,०८९ सीसीचं. म्हणजे एका स्टिंग रेच्या पोटात जवळजवळ पाच फियाट! काळी-पिवळीत बसून मोठे झालेल्यांनो, करा कल्पना.

ताकदीच्या पायऱ्या चार होत्या. त्रेसष्टमध्ये २५०, ३००, ३४० आणि ३६० हॉर्सपॉवर. चौसष्टमध्ये खालच्या दोन तशाच, वरच्या दोन मात्र चढल्या: ३६५ आणि ३७५. कागदावर तरी चौसष्ट पुढे!

सगळ्यात वरच्या इंजिनाला शौकीन म्हणतात ‘फ्युएली’, म्हणजे फ्युएल इंजेक्शनवाली. माहीत आहे का, हे इंजेक्शन पूर्णपणे यांत्रिक होतं? ना चिप, ना सेन्सर, ना सॉफ्टवेअर. जमलं तर घड्याळासारखं चालणारं, बिघडलं तर जाणकार मेकॅनिकच्या दारात नेणारं. त्रेसष्टमध्ये अशा २,६१० गाड्या बनल्या आणि चौसष्टमध्ये १,३२५. इथेही चौसष्टच जास्त दुर्मीळ!

ज्यांना शांतपणे फिरायचं आहे, त्यांनी मात्र ३०० हॉर्सपॉवरची साधी कार्ब्युरेटरवाली घ्यावी. दम भरपूर, डोकेदुखी कमी.

फटाफट फॅक्ट्स

झाकलेले डोळे! हेडलाइट्स बंद असताना दिसतच नाहीत. बटण दाबलं की मोटर फिरते आणि डोळे उघडतात. अमेरिकन गाडीवर लपणारे दिवे आले ते १९४२च्या डीसोटोनंतर थेट या स्टिंग रेवर.

डिकी कुठे आहे? बाहेरून उघडणारी डिकीच नाही! सामान ठेवायचं तर सीटमागून आत सरकवायचं. बाहेरून उघडणारी डिकी कॉर्व्हेटला परत मिळाली ती थेट १९९८च्या कन्व्हर्टिबलवर.

आडवा पाटा! मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे हलतात, पण त्यांना सांभाळतो गाडीच्या रुंदीत आडवा बसवलेला नऊ पानांचा एकच पाटा. ट्रकच्या पाट्याचा हा स्टायलिश चुलतभाऊ.

थंडा थंडा! एसी कॉर्व्हेटला पहिल्यांदा मिळाला त्रेसष्टमध्ये. घेतला फक्त २७८ जणांनी. चौसष्टमध्ये हा आकडा पोचला १,९८८वर. म्हणून कारखान्यातून एसी घेऊन आलेली त्रेसष्ट दिसली तर दोनदा बघा. आधी हावरटपणे, मग संशयाने!

गळकी चाकं! ॲल्युमिनियमची, मधला नट हातोड्याने ठोकून बसवायची ‘नॉक-ऑफ’ चाकं त्रेसष्टच्या यादीत होती. पण ओतकामात सूक्ष्म छिद्रं राहायची आणि हवा गळायची. ती नियमित मिळायला लागली चौसष्टमध्ये. त्रेसष्टच्या गाडीवर ही चाकं दाखवून कुणी ‘कंपनी फिटिंग’ म्हणालं, तर पुरावा मागा.

ब्रेक! ६३ असो की ६४, चारही चाकांना ड्रमच. चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळाले १९६५मध्ये. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, प्रेम असलं तरी!

झेड०६! रेसिंगवाल्यांसाठी त्रेसष्टमध्ये एक खास पॅकेज होतं, नाव झेड०६. बनल्या अवघ्या १९९. काहींना तर ३६.५ गॅलनची, म्हणजे सुमारे १३८ लिटरची पेट्रोल टाकी! हे नाव आजही जिवंत आहे. सध्याच्या पिढीच्या झेड०६मध्ये ५.५ लिटरचं इंजिन आहे आणि ताकद ६७० हॉर्सपॉवर. इंजिन जवळजवळ तेवढंच, दम मात्र दुप्पट होण्याच्या बेतात!

ग्रँड स्पोर्ट! डन्टॉव्ह यांना १२५ हलक्या रेसिंग कॉर्व्हेट बनवायच्या होत्या. कंपनीने रेसिंगवर बंदी घातली आणि बनल्या फक्त पाच. पाचही आज शाबूत आहेत.

वेटिंग लिस्ट! १९६२मध्ये विकायला निघाल्या १४,५३१ कॉर्व्हेट. त्रेसष्टमध्ये आकडा जवळपास दीडपट. सेंट लुईसचा कारखाना धावत होता आणि गिऱ्हाईक रांगेत उभं होतं.

कापलेली पट्टी, चिकटवलेली पट्टी

आता ऐका या सगळ्या प्रकरणातला सर्वात चक्रावून टाकणारा भाग.

साठच्या दशकात त्रेसष्टच्या काही मालकांना वाटलं की आपली गाडी जुनाट दिसतेय. चौसष्टची एकसंध काच किती मॉडर्न! मग त्यांनी काय केलं? करवत घेतली, पट्टी कापली आणि चौसष्टची काच बसवली. आज जी पट्टी सोन्याच्या भावाने विकली जाते, तीच भंगारात टाकली!

पुढे वारं फिरलं. कापलेल्या पट्ट्या परत बसवल्या जाऊ लागल्या. आणि वाकड्या डोक्याच्या मंडळींना सुचली युक्ती: चौसष्टच्या कूपला पट्टी चिकटवा आणि त्रेसष्ट म्हणून विका!

मग खरी कुठली, खोटी कुठली? उत्तर आहे एका अंकात. पहिल्याच!

आकडा बोलतो

माहीत आहे का, या गाड्यांचा नंबर अगदी साध्या मराठीत वाचता येतो? कॅलक्युलेटरसुद्धा नको.

त्रेसष्टच्या कूपचा चेसिस नंबर सुरू होतो ‘३०८३७एस’ असा. पहिला ३ म्हणजे १९६३. पुढचे ०८३७ म्हणजे कॉर्व्हेट कूप. ‘एस’ म्हणजे सेंट लुईसचा कारखाना. चौसष्टची कूप असेल तर सुरुवात ‘४०८३७एस’. कन्व्हर्टिबल असेल तर ८३७च्या जागी ८६७.

त्यापुढचे सहा अंक म्हणजे गाडीचा अनुक्रमांक, सुरुवात १००००१ पासून. त्रेसष्टची शेवटची गाडी १२१५१३, चौसष्टची १२२२२९. म्हणून त्रेसष्ट म्हणून दाखवलेल्या गाडीचा अनुक्रमांक १२१५१३च्या पुढे गेला, तर चहा प्या आणि निघा.

ही नंबरची पट्टी शोधायची कुठे? ग्लोव्ह बॉक्सच्या खालच्या लोखंडी पट्टीवर. वाका, टॉर्च मारा, फोटो काढा. मागची पट्टी भुरळ घालते, पुढची पट्टी खरं बोलते!

इंजिनवरही नंबर ठोकलेला असतो. गाडीच्या नंबराशी तो जुळला तर ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात आणि भाव चढतो. त्याच ठिकाणी इंजिनचा प्रकार सांगणारी अक्षरंही असतात. त्रेसष्टच्या ३६० हॉर्सपॉवरच्या फ्युएलीला ‘आरएफ’. विकणारा फ्युएली म्हणतोय आणि अक्षरं भलतीच आहेत? मग किंमतही भलतीच कमी व्हायला हवी.

फायबर गंजत नाही, पण...

‘बॉडी फायबरग्लासची आहे, गंजायचा प्रश्नच नाही!’ हे वाक्य कानावर पडलं की सावध व्हा. अर्धं सत्य आहे ते.

फायबरच्या आत लोखंडी सांगाडा असतो. त्याला म्हणतात ‘बर्डकेज’, पक्ष्याचा पिंजरा. पुढच्या काचेच्या आणि दरवाजांच्या भोवतीचा. तो गंजतो! वरून रंग आरशासारखा, आत पिंजरा चाळणीसारखा, असं होऊ शकतं. पुढच्या काचेच्या खांबांच्या मुळाशी बघा. दरवाजे उघडझाप करून बघा. लटकत असतील तर धोक्याची घंटा. मग गाडी लिफ्टवर घ्या आणि चॅसिस मागच्या चाकांजवळ जिथे वर वळते, तिथे टॉर्च मारा.

अपघात झाला होता का, हेही कळतं. कारखान्याचे पॅनेल साच्यात दाबून बनवलेले, त्यामुळे आतूनही गुळगुळीत. नंतर हाताने थापलेला तुकडा आतून खरखरीत लागतो. चाकाच्या कमानीत हात घाला, बोटं सांगतील.

आणि एक जगावेगळी गोष्ट. अमेरिकेत १९७४पासून कॉर्व्हेटच्या मूळ रूपाचा कस लावणारी एनसीआरएस नावाची संस्था आहे. तिथे गाडी जास्त चकाचक केली तर गुण कापले जातात! कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच हवी, त्या काळच्या उणिवांसकट. म्हणून नव्याने घासूनपुसून चमकवलेली गाडी पाहून लगेच भाळू नका. जुना, थोडा थकलेला पण मूळ रंग कधीकधी जास्त मोलाचा असतो.

डन्टॉव्ह, तुम्ही कुठे आहात?

पहिल्या फेरीत हरलेल्या बाजूचा सेनापती म्हणून ज्यांना आपण भेटलो, त्यांचीही थोडी ओळख हवीच. झोरा आर्कस-डन्टॉव्ह जन्मले १९०९ साली, नाताळच्या दिवशी, ब्रुसेल्समध्ये. आईवडील रशियन ज्यू. १९५३मध्ये पहिली कॉर्व्हेट प्रदर्शनात बघितली, वेडे झाले आणि त्याच वर्षी जनरल मोटर्समध्ये दाखल झाले.

माहीत आहे का, कॉर्व्हेट घडवणारा हा माणूस १९५४ आणि १९५५ अशी दोन वर्षं ल मान्सच्या शर्यतीत आपल्या गटात जिंकला, तोही पोर्शे चालवून?

त्यांच्या अस्थी आज केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन इथल्या नॅशनल कॉर्व्हेट म्युझियममध्ये आहेत. याच म्युझियमची जमीन २०१४च्या फेब्रुवारीत अचानक खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या! पट्टीवाली त्रेसष्ट? सुदैवाने त्या आठांत नव्हती.

आणि अंतराळाची सफर! अमेरिकेच्या अंतराळवीरांचं कॉर्व्हेटप्रेम जगजाहीर. फ्लोरिडातला कारविक्रेता आणि १९६०ची इंडियानापोलिस ५०० शर्यत जिंकलेला जिम रॅथमन त्यांना वर्षाला एका डॉलरच्या भाड्याने गाडी द्यायचा. रॉकेटवर बसणाऱ्यालाही खाली उतरल्यावर वेग हवाच ना!

आपल्या रस्त्यावर आली तर?

एक खबर खास आपल्यासाठी. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी आणि चारचाकींना भारतात २०२१पासून स्वतंत्र ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. वयाच्या हिशेबाने त्रेसष्ट आणि चौसष्ट दोघीही पात्र. आणि आजोबांनी जपून ठेवलेली चौसष्टची फियाटसुद्धा!

पण नियम लक्षात ठेवा. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, देखभालीला, पेट्रोल भरायला बाहेर काढा. रोजच्या ऑफिसला नाही. शिवाय या सगळ्या स्टिंग रे कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगच्याच. तेव्हा ही गाडी खऱ्या अर्थाने दौडते ती तिच्या माहेरीच. न्यू जर्सीत किंवा ह्यूस्टनमध्ये स्थिरावलेल्या मंडळींनो, म्हणूनच हा पेच खरा तुमचा!

तर मग, त्रेसष्ट की चौसष्ट?

आता फैसला.

गाडी गॅरेजमध्ये सजवायची आहे, प्रदर्शनात मिरवायची आहे, पुढे मुलांना वारसा म्हणून द्यायची आहे? त्रेसष्टची कूप घ्या. खरी पट्टी, ३ने सुरू होणारा नंबर, आणि मॅचिंग इंजिन. एवढ्यात तडजोड करू नका. ती डिझायनरची गाडी आहे. बघणाऱ्यासाठी जन्मलेली.

दर रविवारी हायवेला काढायची आहे, लांबवर जायचं आहे, मागून येणारा ट्रक वेळेत दिसायला हवा आहे? चौसष्टची कूप घ्या. कमी पैशात जास्त आराम, तेच इंजिन, तोच आडवा पाटा, तेच मिटणारे डोळे. शिवाय संख्येने कमी, हा बोनस. ती ड्रायव्हरची गाडी आहे. चालवणाऱ्यासाठी सुधारलेली.

कन्व्हर्टिबल हवी आहे? मग सालाचा विचारच सोडा. जिचा पिंजरा धड आहे, ती आणा.

आणि मला विचाराल, तर माझं मत चौसष्टला. काच मोकळी, नजर मोकळी, खिसाही थोडा मोकळा. स्पोर्ट्स कार शेवटी चालवायची वस्तू आहे. पट्टी बघायला लोक गाडीच्या मागे उभे राहतात, पण गाडीची खरी मजा स्टिअरिंगच्या मागे बसण्यात आहे.

कुठलीही घ्या, क्रम मात्र हाच ठेवा. आधी नंबर, मग पिंजरा, मग इंजिन आणि रंग सगळ्यात शेवटी. टॉर्च खिशात आहे ना? मग निघा!